बाळाचा चार्ज

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे ‘चार्ज’ या शब्दाविषयी माझ्या मनात एक धाकयुक्त आदर आहे. शाखेचा मॅनेजर बदलला की जुना नव्याला चार्ज देतो. तिजोरीतली रोकड मोजली जाते, किल्ल्या हातोहात दिल्या जातात, कोऱ्या ड्राफ्टांची पुस्तके नंबरवार पडताळली जातात, सोनेतारणाची पाकिटे एकेक करून डोळ्यांखालून घातली जातात. मग ज्या गोष्टी कोणत्याच रजिस्टरात नसतात, त्या जुना मॅनेजर चहा पिता पिता सांगतो. अमक्या आजोबांचा सही करताना हात थरथरतो, त्यांचा चेक उगाच परत करू नका. तमक्याच्या गोड बोलण्याला भुलू नका. सगळे झाले की दोघांच्या सह्या होतात. एवढ्याशा ग्रामीण शाखेलासुद्धा दोन-तीन दिवस लागत. मी एकदा घाईघाईने एका दिवसात उरकला होता आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे दीड वर्ष घेतले. पण ती कथा वेगळी.

गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर आमच्या नातीचा चार्ज आम्हाला मिळाला. वजन १ किलो ९५० ग्रॅम, वय ७१ दिवस, नाकाशी ऑक्सिजनची बारीक नळी. सगळ्या कार्यक्रमाला पाऊण तास लागला आणि त्यातला अर्धा तास बिलाच्या खिडकीशी गेला.

ती मेच्या सुरुवातीला, २८व्या आठवड्यात जन्मली होती. ९६० ग्रॅम. जुन्या बायकांच्या भाषेत सातमाशी. माझी एक आत्या अशीच सातमाशी होती. तिला कापसात गुंडाळून शेगडीच्या उबेला वाढवले, अशी गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगतात. आत्या ऐंशी वर्षे जगली आणि त्यातली साठ वर्षे तिने सगळ्या गोतावळ्याला धाकात ठेवले. त्यामुळे हिच्या जन्माने घरातले सगळे गर्भगळीत झाले असताना मी मात्र आत्याचे उदाहरण देत हॉस्पिटलभर हिंडत होतो. एका तरुण डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आजोबा, जी जगली त्यांच्याच गोष्टी आपल्याला ऐकायला मिळतात.” त्यानंतर मी आत्याचे नाव काढले नाही.

त्या ७१ दिवसांविषयी मला तक्रार करायची नाही. ज्यांनी ती काचेची पेटी सांभाळली, त्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना मी रोज मनातल्या मनात नमस्कार करतो. माझ्या करंगळीच्या पेराएवढी जिची टाच होती, तिच्या शिरेत सुई घालणारा हात कसा असेल, याची कल्पना मला कादंबऱ्या लिहूनही करता आली नाही. माझे म्हणणे त्यापुढच्या गोष्टीविषयी आहे. इतक्या कष्टाने वाचवलेले मूल घरी पाठवताना आपण त्याच्या हातात, म्हणजे खरे तर त्याच्या घरच्यांच्या हातात, काय देतो? आम्हाला एक प्लास्टिकची फाइल मिळाली. तिच्यात हातांनी लिहिलेल्या कागदाची कार्बन कॉपी होती. “घाबरू नका, सगळं नीट होईल,” असे एका सिस्टरने मनापासून सांगितले. आणि आम्ही रिक्षाला नको म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीतून, पावसात, बिबवेवाडीचा चढ चढू लागलो.

पहिल्याच रात्री त्या कार्बन कॉपीने आमची परीक्षा घेतली. रात्री दहाचे लोहाचे औषध देण्याचे काम माझ्याकडे होते. कागदावर मला स्पष्ट ‘५ मिली’ दिसले. मी सिरिंज काढली, चष्मा पुसला, बाटलीचे झाकण उघडले. सून दुधाची वाटी घेऊन आत येत होती. ती थबकली आणि म्हणाली, “बाबा, या बाटलीचा ड्रॉपरच एका मिलीचा आहे. मग पाच मिली कसं असेल?” विजेरीच्या उजेडात कागद तिरपा धरला, तेव्हा पाचच्या आधी पेनाच्या टोकाचा एक ठसा दिसला. टिंब होते, पण त्याची शाई कार्बनमधून खाली उतरली नव्हती. टिंबाआधी शून्यही नव्हते. अर्धा मिलीचे पाच मिली. दसपट. पावणेदोन किलो-दोन किलोच्या जिवाला लोहाची दसपट मात्रा म्हणजे काय, हे मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोनवर विचारले. त्यांनी उत्तर देण्याआधी जो वेळ घेतला, त्यातच मला उत्तर मिळाले.

मी आयुष्यभर चेक पाहिले. पन्नास रुपयांचा चेक असला तरी रक्कम आकड्यात लिहावी लागते आणि अक्षरीही लिहावी लागते. दोन्हींत फरक पडला तर चेक परत जातो. पन्नास रुपयांसाठी आपण एवढी काळजी घेतो, कारण शेदोनशे वर्षांच्या अनुभवाने बँकवाल्यांना कळले आहे की आकडा हा फार बेभरवशाचा प्राणी आहे. मग बाळाच्या औषधाचे प्रमाण ‘अर्धा मिली फक्त’ असे मराठीत, अक्षरी लिहायला किती शाई लागेल?

बाळ घरी आले म्हणजे संकट संपले, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. ‘डिस्चार्ज’ हा शब्दच तसा आहे. तो ऐकल्यावर माणूस पेढे आणायला जातो. मीही गेलो होतो. पण घरी आल्यावर पहिले चार दिवस सून नीट जेवली नाही. तिला झोपेत मॉनिटरची पीप पीप ऐकू यायची आणि जाग आल्यावर ती ऐकू येत नाही म्हणून ती घाबरायची. एका पहाटे स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, “तिथं सत्तर दिवस मी पाहुणी होते, बाबा. सिस्टर म्हणतील तेव्हा आत जायचं, म्हणतील तेवढा वेळ हात लावायचा. आणि इथं एकदम मालकीण झाले. मला काही येत नाही हो.” हिंजवडीत पंधरा माणसांच्या हाताखालचे काम बघणारी ही मुलगी. तिला काही येत नव्हते असे नाही. तिला कोणी चार्ज दिला नव्हता.

मग आम्ही आपला आपणच चार्ज घ्यायचे ठरवले. मी दोनशे पानी लांब वही आणली आणि रकाने आखले. वेळ, दूध किती मिली, शी, शू, ताप, ऑक्सिजनचा आकडा, कोणाची ड्युटी. दर तीन तासांनी चाळीस मिली दूध. तेही अंगावर ओढून प्यायची ताकद नाही, म्हणून काढलेले दूध छोट्या नळीच्या भांड्याने घोट घोट पाजायचे. हॉस्पिटलात त्या भांड्याला ‘पलाडाई’ म्हणत. आमच्या हिने ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “अगं, हे तर बोंडलं!” माळ्यावर आमच्या मुलांच्या वेळचे चांदीचे बोंडले होते. ते उतरवले, उकळले, आणि त्या घरात पहिल्यांदाच आजीला वाटले की आपल्यालाही यातले काही कळते.

कारण बाकीच्या बाबतीत तिचे सगळे शास्त्र बाद ठरले होते. तिने दोन मुले धुरीवर वाढवली. ओवा, बाळंतशोपा, शेगडीवरचे निखारे, आंघोळीनंतर तो सुगंधी धूर. बाळाची फुप्फुसे कच्ची आहेत, धूर चालणार नाही, उदबत्तीसुद्धा नाही. तेल चोळून घेणाऱ्या मावशी ठरवून ठेवल्या होत्या, त्यांना नाही म्हणून कळवले. गुटीची सहाण आणि मुरडशेंग-हळकुंडाची पुरचुंडी परत डब्यात गेली. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून हॉलमधल्या देवघरातली समई विझली. तिने एका शब्दाने विरोध केला नाही. शेगडी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली, एवढेच. मला वाटते, या आजारी बाळांच्या घरांत आज्यांचा जो पराभव होतो त्याची नोंद कोणी घेत नाही. ज्या एकाच विषयात तिचा शब्द अखेरचा होता, त्यातच तिला कोऱ्या पाटीवर बसवले जाते, आणि वर पुन्हा, “आई, हात धुतले का?” हा प्रश्न दिवसातून वीस वेळा.

माणसांचा प्रश्न त्याहून अवघड होता. बाळ बघायला येणे हा आपल्याकडे हक्क आहे. सर्दी झालेली माणसेसुद्धा लांबूनच बघतो म्हणून येतात आणि बोलता बोलता जवळ सरकतात. सांगून उपयोग होईना, तेव्हा मी पुण्याच्या परंपरेला अनुसरून दारावर पाटी लावली : ‘बाळ झोपले आहे. आपणही घरी जाऊन झोपावे.’ दोन नातेवाईक दुखावले ते अजून बोलत नाहीत. त्याच जिन्यावरच्या इतरांनी मात्र महिनाभर आमच्या दाराच्या कडीला डबे अडकवले आणि बेल न वाजवता निघून गेले. पलीकडच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव चालतो. गणपती जवळ आले होते. मी बिचकत बिचकत पथकातल्या मुलांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाजवू लागले. आवाज तेवढाच येत होता. पण मुले दुसऱ्या टोकाला गेली होती, हे मी विसरणार नाही.

ऑक्सिजनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळे आले. २०२१ मधल्या कोविडच्या लाटेत अनेक सोसायट्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले होते. आमच्याही सोसायटीने घेतला होता आणि तो क्लबहाउसमध्ये कॅरमबोर्डाखाली पडून होता. हे यंत्र हवेतला नायट्रोजन बाजूला काढते आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून सोडते. ते विजेवर चालते. ते मोठ्यांसाठी असल्यामुळे त्याच्या काचेच्या नळीवरचे आकडे अर्ध्या लिटरपासून सुरू होत होते, आणि आमच्या बाईसाहेबांना मिनिटाला पाव लिटरसुद्धा जास्त होत होते. त्यासाठी वेगळा, बारीक मापाचा फ्लोमीटर लागतो, हे आम्हाला घरी आल्यावर दुकानदाराने सांगितले. वीज गेली तर म्हणून एक छोटा सिलिंडर भाड्याने आणून कोपऱ्यात उभा केला आणि आपण फार दूरदृष्टी दाखवली अशा समाधानात राहिलो.

आमच्या भागात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. हे साऱ्या बिबवेवाडीला ठाऊक आहे, मलाही तीस वर्षे ठाऊक आहे. तरी तो पहिला गुरुवार आला तेव्हा यंत्र एक लांबलचक शिटी मारून बंद पडले आणि मी सिलिंडरकडे धावलो, तर सिलिंडर उघडायची किल्लीच नव्हती. दुकानातल्या पोऱ्याने सिलिंडर लावून दाखवला होता आणि किल्ली सवयीने आपल्या खिशात घालून नेली होती. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा ९४ वरून ९१ झाला, मग ८९, मग ८७. मुलगा ऑफिसात. सून बाळाला छातीशी धरून खिडकीत उभी. मी गच्चीच्या जिन्यापासून खालच्या पंपरूमपर्यंत ओरडत गेलो. आमचा वॉचमन पूर्वी वेल्डिंगच्या कारखान्यात होता. त्याने माझ्या हातवाऱ्यांवरून काय ते ओळखले, आपल्या खोलीतून पाना आणला आणि चार सेकंदांत सिलिंडर उघडला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, “साहेब, हा पाना सिलिंडरच्या गळ्यात दोरीनं बांधून ठेवायचा असतो.”

तिजोरीच्या किल्ल्या हातोहात घेतल्याशिवाय ज्याने कधी सही केली नाही, त्या मला हे एका वॉचमनने शिकवावे लागले.

आणि दुसरा धडा दिला आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनी. त्या अप्पर इंदिरानगरच्या वस्तीत राहतात. एक दिवस बाळ जरा मलूल दिसत होते. आकडा ठीक होता, ताप नव्हता, तरी सुनेला चैन पडेना. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले, बाळाचे झबले वर केले आणि पोटाकडे टक लावून पाहत मोजू लागल्या. घड्याळ मला धरायला लावले. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, “बावन्न. साठच्या वर गेला तर दवाखान्यात न्यायचं, आणि बरगडीखाली खड्डा पडला तर आकडा बघत बसायचं नाही.” मी विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? त्यांच्या भाचीचे बाळ कमी वजनाचे होते. वस्तीतल्या आशाताई घरी येत. त्यांनी सगळ्या बायकांना बसवून श्वास कसे मोजायचे, बाळाला ऊब कशी द्यायची, दूध ओढत नसेल तर काय समजायचे, हे दाखवले होते.

ही आशाताई इथवर कशी आली, ते सांगितले पाहिजे, कारण त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये एक प्रयोग केला. हॉस्पिटल लांब, रस्ते नाहीत, पावसाळ्यात गाव तुटलेले. अशा ठिकाणी नवजात बाळाला हॉस्पिटलात नेण्याऐवजी त्याची शुश्रूषाच घरी न्यायची, असे त्यांनी ठरवले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका निवडल्या. त्यांना बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवले. थंडीसाठी बाळाला झोपवायच्या उबदार पिशव्या दिल्या. या बायका घरोघर जात आणि आईलाच नव्हे तर सासूलाही शिकवत. प्रयोगाआधी त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर आशांच्या हाती दिला. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी.

गडचिरोलीतल्या आठवी शिकलेल्या बाईला जे येत होते, ते बिबवेवाडीतल्या तीन पदवीधरांच्या घरात कोणालाच येत नव्हते. आमच्या सोसायटीत आशाताई येत नाहीत. येण्याचे कारणही नाही, आम्ही ‘मोठ्या हॉस्पिटलचे’ लोक. आम्हाला वाटते, पैसे मोजले म्हणजे शिकण्याची गरज उरत नाही. आणि हॉस्पिटलला वाटते, शिकलेली माणसे आहेत, वाचून घेतील.

डॉक्टरांची बाजू मला कळत नाही असे नाही. एका सिस्टरकडे किती बाळे असतात ते मी पाहिले आहे. एक पेटी रिकामी झाली की बाहेर दुसरे बाळ वाट पाहत असते. काही ठिकाणी घरी जाण्याआधी आईला दोन-चार दिवस बाळाजवळ ठेवून घेतात, हेही खरे. पण ते त्या त्या डॉक्टरच्या चांगुलपणावर अवलंबून असते. बँकेतला चार्ज मॅनेजरच्या चांगुलपणावर सोडला असता, तर किती बँका उरल्या असत्या?

पुण्याला या गोष्टीचे महत्त्व फार पूर्वी कळले होते. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरी गेलेल्या, जन्मतः दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. अठराव्या वर्षी १६१ मुले तपासली गेली. त्यांचा बुद्ध्यांक सरासरीने सर्वसाधारण मर्यादेत निघाला, मात्र पुऱ्या वजनाच्या मुलांहून काहीसा कमी. मला यातल्या आकड्यांपेक्षा त्या चिकाटीचे अप्रूप वाटते. भाड्याची घरे बदलणारी, बदलीच्या गावी जाणारी ही कुटुंबे पुन्हा पुन्हा शोधून बोलावली असतील. बाळ पेटीत दोन-अडीच महिने असते. उरलेली अठरा वर्षे ते घरात असते, ही साधी वजाबाकी त्या मंडळींनी केली होती.

या वजाबाकीत किती गोष्टी हुकू शकतात! आमच्या फाइलच्या शेवटच्या पानावर, अगदी खाली, डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत लेसर किंवा इंजेक्शन दिले तर दृष्टी वाचते. काही आठवड्यांचा उशीर झाला तर ती कायमची जाते. म्हणून पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत करतात आणि पडदा पुरता वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात. आमची पहिली हॉस्पिटलातच झाली होती. पुढची घरी आल्यावर आठव्या दिवशी होती. ते पान मी पाचव्या दिवशी उलटले. तेही बिलाची पावती शोधताना. डोळे ठीक निघाले. पण पावती वरच्याच कप्प्यात सापडली असती तर? हा प्रश्न मी घरात कोणाला विचारलेला नाही.

पावतीवरून आठवले. आमच्या विम्याच्या पॉलिसीत नवजात बाळाला ९१व्या दिवसापासून संरक्षण होते. अनेक पॉलिसींत तसेच असते. म्हणजे ७१ दिवसांचा सारा खर्च बाहेर. हे कलम मला ठाऊक असायला हवे होते, कारण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बँकेच्या काउंटरवरून अशा पॉलिसी मीच विकल्या आहेत. तरुण जोडप्यांना हसून सांगितले आहे, ‘सगळे कव्हर होते.’ सुनेच्या रजेचेही तसेच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ही मोठी गोष्ट. पण रजा बाळंतपणापासून मोजली जाते. १८२ दिवसांपैकी ७१ तिने काचेबाहेर उभे राहून घालवले. बाळ घरी येईल त्या दिवसापासून रजा मोजावी, एवढा साधा विचार कायदा करणाऱ्यांना सुचू नये, यात मला दुष्टपणा दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे नऊ महिन्यांचे गुटगुटीत बाळ होते, इतकेच.

माझ्या वाट्याला मात्र या सगळ्यात एक अनपेक्षित सुख आले. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, तासन् तास धरायचे असते. कांगारूसारखे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. गरजेतून निघालेला उपाय पुढे जगाने स्वीकारला. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले की, जन्मानंतर लगेच असे छातीशी धरलेल्या एक ते १.८ किलोच्या बाळांत मृत्यूंचे प्रमाण पाव हिश्शाने घटले. आई थकली की बाप, बाप ऑफिसात गेला की आजोबा. दुपारी दोन ते चार माझी ड्युटी. मी माझ्या मुलाला लहानपणी असे कधीच धरले नव्हते. तेव्हा मी बदलीच्या गावी असे, आणि घरी असलो तरी बाळाला घेणे हे बापाचे काम नव्हे अशी समजूत होती. बाहेर पाऊस, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न, आणि माझ्या छातीवर एक दोन किलोचा श्वास. मी हलायचो नाही. नाकावर माशी बसली तरी नाही.

मला काय हवे आहे, ते आता नेमके सांगतो. असे बाळ घरी पाठवण्याआधी आई आणि घरातला आणखी एक माणूस, मग तो बाप असो की आजी, यांना निदान तीन दिवस हॉस्पिटलात राहू द्यावे आणि बाळाचे सगळे काम त्यांनी आपल्या हाताने, सिस्टरच्या देखत करावे. औषधाची मात्रा मराठीत, अक्षरी लिहिलेली असावी. कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही, हे पहिल्या पानावर असावे, शेवटच्या नव्हे. रात्री फोन केला तर उचलणारे माणूस असावे. पहिल्या आठवड्यात कोणीतरी घरी येऊन यंत्र, सिलिंडर, बाळाचा कोपरा पाहून जावे. वस्तीत जशी आशाताई जाते तशी सोसायटीतही जावी. आणि हे सगळे झाल्याशिवाय दोघांच्या सह्या होऊ नयेत. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. थोडा वेळ लागतो, आणि आपल्याकडे तोच सर्वांत महाग, हे मलाही ठाऊक आहे.

नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, डॉक्टरांनी ऑक्सिजन थांबवला. पहिल्या रात्री नळीचा फुसफुस आवाज नाही म्हणून घरात कोणालाच झोप लागली नाही. डिसेंबरात बारसे केले. बायकांनी पाळणा म्हटला तेव्हा आमच्या हिने समई लावली. नात आता रांगते. तिची दोन वये आहेत : लशी जन्मतारखेपासून मोजून द्यायच्या, आणि बसणे-रांगणे मात्र ती ज्या तारखेला जन्मायला हवी होती तिच्यापासून मोजायचे. बँकेत नोंदीची तारीख आणि व्याजाची तारीख वेगळी असते, त्यामुळे हे गणित घरात मला एकट्यालाच पटकन समजले. यंत्र क्लबहाउसमध्ये परत गेले, या वेळी कॅरमबोर्डाच्या वर, बारीक मापाच्या फ्लोमीटरसकट. सिलिंडरचा पाना दोरीने बांधलेला आहे.

गेल्या आठवड्यात धनकवडीहून एका अनोळखी तरुणाचा फोन आला. आमच्या वॉचमनचा भाऊ त्यांच्या इमारतीत आहे, त्याच्याकडून नंबर मिळाला म्हणाला. जुळी मुले, त्यातली एक घरी यायची आहे, सोबत ऑक्सिजन असेल, तुमच्याकडे कसलीशी वही आहे असे कळले. मी म्हटले, आहे, या घेऊन जायला. पण वही नुसती देणार नाही, दोघे या, दोन तास काढून या आणि येताना डिस्चार्जचा कागद घेऊन या. मग विचारले, बाळ कधी येणार आहे?

“गुरुवारी,” तो म्हणाला.

“शुक्रवारी आणा,” मी म्हटले.